सातवं उदाहरण

मुखपृष्ठाचा नमुना हातात आला आणि बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत पुस्तकाचं नाव, 'फ्रेंच क्रियापदं: शंभर तक्ते'. खाली 'सहावी आवृत्ती'. त्याखाली दादाचं नाव, पदव्यांच्या शेपटासकट. बस्स. तिनं कागद उलटा करून पाहिला, न जाणो मागे कुठे असेल. मागे दादाचा फोटो होता, हनुवटीला हात लावून विचार करतानाचा. बारकी फोटोला म्हणाली, "कसला विचार करतोयस रे? पुस्तक कुणी लिहिलं, याचा?"

बारकी म्हणजे काही बारकी नव्हे. वय सत्तावन्न, वजन विचारायची कुणाची छाती नाही. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत ती संध्याकाळचे फ्रेंचचे वर्ग घेते, आणि तिचा आवाज चढला की खालचा दुकानदार हातातला पाना ठेवून वर बघतो. पण दोन भावंडांत धाकटी, म्हणून लहानपणी नाव पडलं ते पडलंच. दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. कॉलेजात फ्रेंचचा विभागप्रमुख, तरुणपणी दोन वर्षं फ्रान्समध्ये शिकून आलेला. गावभर 'सर'. पुस्तकही सरांचंच. फक्त लिहिलं बारकीनं.

सव्वीस वर्षांपूर्वी दादा म्हणाला होता, "मुलांना तक्ते हवेत गं, तेवढे टाइप करून दे." तिनं दिले. मग म्हणाला, "नुसते तक्ते कोण वाचणार? उदाहरणं घाल." घातली. मग म्हणाला, "सराव हवा." तोही घातला. दादानं काय केलं? प्रस्तावना लिहिली. दीड पान. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असणार, पदव्या लावलेला.

आणि पुस्तक खपायचं ते कशावर? उदाहरणांवर. बारकीचा एकच नियम होता: उदाहरण खरं पाहिजे. घडलेलं पाहिजे. "खोटं वाक्य पाठ होतं, पण लक्षात राहत नाही," असं ती वर्गात बजावायची. घरात, दारात, रस्त्यावर काही झालं की ती एका कार्डावर लिहून ठेवायची, पुढे मराठी आणि मागे फ्रेंच. कार्डं बुटांच्या खोक्यांत, एकेका काळाला एकेक खोकं. सगळ्यात जड खोकं होतं ते 'झालं असतं, पण झालं नाही' या काळाचं.

हा काळ आपल्या माणसाला छळतो. आपण दोन्हीकडे 'असतं' म्हणतो: आला असतास तर भेटलो असतो. फ्रेंचमध्ये तसं चालत नाही. तिथे 'जर'च्या बाजूला वेगळं रूप आणि 'तर'च्या बाजूला वेगळं. शिवाय बहुतेक क्रियापदं एका मदतनिसाला धरून चालतात, पण जाणं, येणं, जन्मणं, मरणं असली मंडळी दुसऱ्याला धरून. पोरं रडकुंडीला येतात. मग बारकी खोकं उघडायची. 'वहिनीनं गॅस बंद केला असता, तर दूध उतू गेलं नसतं.' 'घरमालकानं नळ दुरुस्त केला असता, तर खालच्यांचं छत गळलं नसतं.' 'दादानं चष्मा जागेवर ठेवला असता, तर तो त्याच्यावर बसला नसता.' वर्ग हसायचा, आणि हसताहसता रूपं तोंडात बसायची. वहिनी मात्र दर आवृत्तीला विचारायची, "या वेळी माझं काय छापलंस?"

पाच आवृत्त्या बारकी मूग गिळून गप्प बसली होती. या खेपेला मात्र तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, मुखपृष्ठावर माझं नाव हवं. दादा 'हो हो, बघू' म्हणाला होता. आणि बघितलं ते हे.

ती तडक दादाच्या घरी गेली. वहिनीनं दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाली.

"दादा, माझं नाव कुठाय?"

दादा पेपर वाचत होता. चष्म्यावरून बघत म्हणाला, "आत आहे की. आभारात."

तिनं त्याच्या टेबलावरचं नव्या आभाराचं पान ओढून घेतलं. 'टंकलेखनाबद्दल धाकट्या भगिनीचे आभार.'

"टंकलेखन? हजार वाक्यं माझी, तक्ते माझे, सराव माझा, आणि मी टंकलेखक? अरे, जनाची नाही तर मनाची तरी!"

"हे बघ बारके, पुस्तक नावावर खपतं. तुझं नाव कोण ओळखतं? आणि उदाहरणांचं काय एवढं? दूध उतू गेलं अन् नळ गळला. व्याकरण महत्त्वाचं. वाक्यं काय, कुणीही लिहील."

"कुणीही?"

"कुणीही."

"मग तू लिही," बारकी म्हणाली. "या खेपेला तो धडा वाढवायचाय ना, झालं-असतं-वाला? दहा नवी उदाहरणं हवीत. मी देत नाही. तू दे. तुझी दहा चालली, तर मी आयुष्यभर टंकलेखक. नाही चालली, तर वर माझं नाव."

"चालली की नाही, ठरवणार कोण?"

"प्रकाशक ठरवेल. तो तर तुझाच माणूस."

वहिनी दारातून म्हणाली, "अहो, कशाला पैज घेता? दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी मला विचारता." पण दादा आता पेटला होता. दोन ओळींची दहा वाक्यं, त्यात काय मोठं!

चार दिवसांनी प्रकाशकानं दादाचे कागद बारकीकडेच पाठवले. मुद्दाम नव्हे. सव्वीस वर्षं त्या पुस्तकाचा प्रत्येक कागद तपासायला तिच्याकडेच यायचा, त्या सवयीनं आले. तिनं लाल पेन काढलं.

'हवा चांगली असती, तर आम्ही सहलीला गेलो असतो.' समासात तिनं लिहिलं: खोटं. कुठली सहल? तू जन्मात सहलीला गेला नाहीस. 'मी राजा असतो, तर महाल बांधला असता.' खोटं. आधी घरातला दिवा बदल. 'त्यानं अभ्यास केला असता, तर तो उत्तीर्ण झाला असता.' तो कोण? कुठल्या परीक्षेत? दहाच्या दहा वाक्यांवर लाल रेघ मारून तिनं कागद परत धाडले. प्रकाशकाचा फोन आला. तो तिशीतला, बापाची गादी नुकतीच चालवायला घेतलेला. "बाई, वाक्यं तशी बरोबर आहेत, पण मलाही वाचताना झोप आली. सरांना सांगितलं, बाईंसारखी खरी लिहा म्हणून. सर फार चिडलेत."

"चिडू दे. चिडल्यावर तरी खरं लिहील."

खरंच लिहिलं त्यानं. पुढच्या आठवड्यात नवे कागद आले, वर दादाच्या ठसठशीत अक्षरात शेरा: 'ही सर्व उदाहरणे सत्य आहेत. तपासून पाहावे.' दुपारची वेळ होती, वर्गाला अवकाश होता. बारकीनं चहाचा कप बाजूला ठेवला आणि वाचायला बसली. पहिलंच बरं होतं. 'मी छत्री नेली असती, तर प्राचार्यांच्या छत्रीत चालावं लागलं नसतं.' ती हसली. चौथं चक्क चांगलं होतं, दाढदुखीचं. शिंचा जमवतोय की, असं तिच्या मनात आलं. हे असंच चाललं, तर नाव गेलं.

सातव्या वाक्यात तिला चूक सापडली. वाक्यातली व्यक्ती बाई होती, 'जाणे' हे क्रियापद, तेव्हा शेवटी एक अक्षर जादा हवं होतं, ते दादानं गाळलं होतं. तिनं खूण केली आणि ते अक्षर घातलं. सव्वीस वर्षांचा हात, तो आधी चूक बघतो. मग तिनं वाक्य वाचलं.

'त्या दिवशी फोनवर मी खरं सांगितलं असतं, तर माझी बहीण गेली असती.'

दादाला बहीण एकच होती.

खाली सायकलवाला चाक फिरवून तारा तपासत होता, त्याची टिकटिक वर येत होती. कुठला फोन, हे तिला स्वतःला विचारावं लागलं नाही. तिच्या अख्ख्या आयुष्यात कुठे जायचा प्रश्न एकदाच आला होता.

चौतीस वर्षांपूर्वी दोघांनी फ्रान्सच्या एकाच शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. जागा एक. मुलाखतीच्या यादीत बारकी पहिली आणि दादा दुसरा, म्हणजे ती नाही म्हणाली तरच त्याचा नंबर. घरात फोन नव्हता, म्हणून अर्जावर खालच्या केमिस्टचा नंबर दिला होता. शिष्यवृत्तीवाले कळवणार होते फोनवर. तीन आठवडे बारकी जिना चढउतार करत राहिली. आईचं दुखणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, तिचे रिपोर्ट आणायला दवाखान्यात जायचं, तर तेवढ्या वेळातही जीव केमिस्टच्या दुकानात. फोन आला नाही. मग एके दिवशी पत्र आलं, दादाच्या नावाचं. तिला वाटलं, आपली निवड रद्द झाली, काहीतरी कमी पडलं असेल आपलंच. ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी तिनंच त्याची बॅग भरली. मोज्यांच्या जोड्या सुतळीनं बांधून दिल्या, हरवू नयेत म्हणून.

मोजे बांधून दिले त्याला! बारकी उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. तिनं ती उचलली नाही.

दादाच्या घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. बारकीनं कागद दादाच्या पुढ्यात टाकला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

दादानं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती आली असती तर एक वेळ तिला बरं वाटलं असतं. पण तो जरासा ओशाळं हसला. "तूच म्हणालीस ना, खरं लिही. म्हटलं, एवढ्या वर्षांनी एकदा कबूल करून टाकावं. आपल्या दोघांतच कळेल असं."

"कबूल? कुणाला? मला काय माहीत होतं?"

आता मात्र त्याचा रंग उतरला. "तुला... तुला माहीत नव्हतं? आईनं नाही सांगितलं?"

"आईला ठाऊक होतं?"

वहिनीच्या हातातला शर्ट तसाच राहिला होता.

"आई जायच्या आधी मला म्हणाली होती, 'मी बारकीला सांगून टाकते,'" तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, सांगितलं. तू काहीच बोलली नाहीस. उलट वर्षभरानं तक्ते टाइप करून दिलेस. मला वाटलं, तू मोठ्या मनानं सोडून दिलंस. मी आजवर हेच समजत होतो."

आई शेवटच्या दिवसांत तिचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "राग धरू नको हं, बाळा." बारकीला वाटलं होतं, आजारपणातल्या उठबशीबद्दल म्हणते. ती म्हणाली होती, "छे गं आई, राग कसला?" म्हणजे आईला सांगायचं धैर्य झालं नाही, आणि माफी मात्र मागून घेतली. तीही काहीच न सांगता! अशी माफी मागतात का कुणी?

"फोनवर काय सांगितलंस?" बारकीनं विचारलं.

"जाऊ दे ना आता."

"काय सांगितलंस?"

"की... आई आजारी आहे, बहीण येऊ शकत नाही. तिनंच मला सांगायला सांगितलंय." मग घाईघाईनं, "आणि आई आजारी होतीच ना! मी खोटं नाही बोललो पूर्ण. कुणीतरी थांबायला हवंच होतं."

"मग तू का नाही थांबलास?"

हे चौतीस वर्षं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"सात वर्षं," बारकी म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि वहिनीला त्याचीच जास्त भीती वाटली. "सात वर्षं मी तिला उठवलं, बसवलं, धुतलं, भरवलं. आणि मनात म्हणत राहिले, नशीब खोटं. नशीब नव्हे रे, तू! तू तिकडून येताना माझ्यासाठी काय आणलंस, आठवतंय? क्रियापदांचं पुस्तक. त्याच्यावरून मी तुझं पुस्तक लिहिलं. तुझं! तुला तोंड दाखवायला लाज कशी नाही वाटली?"

"चुकलो. पंचवीस वर्षांचा होतो गं."

"मी तेवीस वर्षांची होते!"

वहिनीनं शर्ट खाली ठेवला. नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, "आणि मला सांगत होतात, बारकीलाच जायचं नव्हतं म्हणून. लग्नात माझ्या माहेरच्यांनाही हेच सांगितलंत."

आता दादा खरा घाबरला. खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "बारके, ऐक. ते वाक्य काढून टाक. वरती नाव तुझं घाल. एकटीचं घाल, माझं नको. मी प्रकाशकाला आत्ता फोन करतो. पुढच्या वर्षी माझी निवृत्ती आहे, कॉलेजात प्रत्येकाला ठाऊक आहे की तुझी उदाहरणं खरी असतात. तुझं ते वेड सगळ्यांना माहीत आहे. पोरं विचारतील, मास्तर विचारतील. एक ओळ काढ, आणि पुस्तक तुझं."

सव्वीस वर्षं जे हवं होतं, ते त्यानं असं टेबलावर ठेवलं. हात दाखवून अवलक्षण झालं, आता हात लपवायला पुस्तकाचं कव्हर हवं होतं.

"पुस्तक तुझं म्हणतोस, जसं काही तुझ्या खिशातलं देतोयस," बारकी म्हणाली. "पुस्तक माझंच आहे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, माझ्या खोक्यांत आहे, मी नाही दिलं तर छापायला उरेल तुझी दीड पानाची प्रस्तावना. हे मला आधी सुचलं नाही, कारण मी मूर्ख. तू देणारा कोण?"

"म्हणजे ते वाक्य..."

"ते राहणार."

"अगं, भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणूनच राहणार. दादा, सव्वीस वर्षांत या पुस्तकात तू एकच खरं काही लिहिलंस. ते कसं काढू? पुस्तक माझं. ते पान तुझं. त्या पानावर तुझं नाव घालीन, पदव्यांसकट."

ती निघाली तेव्हा दादानं तिला हाक मारली. वहिनीनं मारली नाही. वहिनी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "दूध उतू गेल्याचं राहू दे गं. ते खरंच माझंच होतं."

प्रकाशकानं एका दमात सगळं कबूल केलं. "बाई, खरं सांगू? बाबांच्या वेळेपासून आम्हाला ठाऊक होतं, पुस्तक तुमचं आहे ते."

"मग इतकी वर्षं जीभ गहाण टाकली होती काय?" बारकी त्याच्यावर कडाडली, आणि तो बिचारा तिथल्या तिथे मुखपृष्ठ बदलायला धावला.

सहावी आवृत्ती आली. वर बारकीचं नाव, खरं, पाळण्यातलं. आत एका पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत: 'या पानावरील उदाहरणे सरांची. सर्व सत्य.' त्याच्याखालीच दादाचं नाव, पदव्या. दादानं त्यानंतर फोन केला नाही. तिनंही केला नाही.

सहा महिन्यांनी तिचा वर्ग त्या पानावर पोचला. वीसेक जणं होती, बहुतेक दिवसभर काम करून आलेली. एक नर्स वाचायला उभी राहिली. छत्री झाली, दाढदुखी झाली, हशा झाला. सातव्या वाक्यापाशी ती अडखळली. दोनदा वाचलं आणि मान वर केली.

"बाई, हे पण खरं आहे?"

"या पुस्तकात सगळं खरं आहे."

नर्सनं पुन्हा पुस्तकात पाहिलं, माथ्यावरचं नाव वाचलं आणि मग मुखपृष्ठ उलटून त्यावरचं. तिला काय कळायचं ते कळलं.

"मग त्या बहिणीला राग नाही आला?"

"आला."

"गेला का?"

"नाही," बारकी म्हणाली. "बस खाली. वह्या काढा. हेच क्रियापद, सगळ्या पुरुषांत म्हणायचं, मोठ्यानं. 'मी'पासून."

वर्गानं सुरुवात केली, "ज सरे पार्ती..." मी गेले असते. वीस आवाज होते, पण नेहमीसारखे बाकावरून रेंगाळत आलेले. बारकीनं टेबलावर हात आपटला.

"हळू नको! पुन्हा!"

या खेपेला तिनंही त्यांच्याबरोबर म्हटलं. आणि खाली सायकलवाल्यानं पाना ठेवून वर पाहिलं.